भाव सांगायला गेलेले सासरे

मठातले भिक्षू दक्षिणेचं पाकीट घेऊन निघाले तेव्हा साडेअकरा वाजले होते. जेवणाचे डबे संपेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही, असं कियोताकाने सकाळी दाढी करतानाच स्वतःला बजावलं होतं. आजेसासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती, आज त्यांचं श्राद्ध. श्राद्धाच्या दिवशी दुकानाचा विषय काढणाऱ्या घरजावयाला कात्सुको आत्या उभा सोलून काढतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण सासऱ्यांचा चेहरा बघून त्याला धीर धरवेना. शिगेनोबु होशिना, वय वर्षं एकाहत्तर, मुराकामीतल्या होशिना सेंबेवाल्यांची तिसरी पिढी, कालपासून लग्नघरातल्यासारखे खुशीत होते. काल दुपारी ते समुद्राकाठच्या गरम झऱ्यांवर, इतागाकी बाईंच्या हॉटेलात भाव सांगायला गेले होते. परत आल्यावर "झालं काम, उद्या सगळ्यांसमोर सांगतो" एवढंच म्हणाले आणि अंघोळीला गेले. अंघोळीत चक्क गाणं म्हणत होते.

त्या भावावरच सगळं अडलं होतं. तांदळाच्या भाजलेल्या खुसखुशीत चकत्या, म्हणजे सेंबे, दुकानात महिन्याला जेवढे होत त्यातले निम्मे इतागाकी बाई घेत. पाकिटाला एकशे ऐंशी येन. हा भाव एकोणीस वर्षांपूर्वी ठरला होता, आणि त्यानंतर कोणी त्याला हात लावला नव्हता. दीड वर्षात तांदूळ दुपटीवर गेला. आता बाईंच्या हॉटेलात जाणाऱ्या दर पाकिटामागे होशिना मंडळी चोवीस येन पदरचे घालत होती, वर वाकून आभार मानत होती. एक एप्रिलपासून दोनशे साठ मिळाले तर दुकान तरणार होतं. नाही मिळाले तर जूनमध्ये भट्टी विझवायची, कामावरच्या दोघी बायकांना घरी पाठवायचं, आणि कियोताकाने नोकरी सोडताना मिळालेली जी रक्कम धंद्यात घातली होती तिच्या नावाने आंघोळ करायची.

चीड येण्यासारखी गोष्ट अशी की कियोताका याच विषयातला माणूस होता. चौदा वर्षं तो पतपेढीत छोट्या धंदेवाल्यांना सल्ला देण्याच्या टेबलावर बसला होता. घरखर्चाचं पाकीट आणि दुकानाचा गल्ला एकत्र करू नका. एकाच गिऱ्हाइकाच्या खांद्यावर सगळं दुकान ठेवू नका. वर्षातून एकदा तरी भाव तपासा. कासार, कोळी, छत्रीवाले, सगळे माना डोलावत ऐकायचे आणि त्यातले निम्मे तसं करायचेही. मग चिनात्सुशी लग्न झालं, त्याने स्वतःचं आडनाव सोडून होशिना लावलं, आणि तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या छातीत दुखलं म्हणून नोकरीही सोडली. त्या दिवसापासून त्याचं ऐकणारं माणूस म्हणून त्याला भेटलं नव्हतं.

"बाबा, सांगा ना कालचं," शेवटी चिनात्सुच म्हणाली. तिलाही राहवत नव्हतं.

शिगेनोबुंनी डब्यातला उकडलेला गाजराचा तुकडा सावकाश खाल्ला, ओठ पुसले. "बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं," ते म्हणाले.

"पाणी?" कियोताकाने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"घळाघळा रडल्या. माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, होशिनासाहेब, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत. आणि वर, ऐका, शंभर पाकिटं जास्तीची सांगितली या महिन्यात! छान कागदात बांधून द्या म्हणाल्या."

"वा रे शिगे!" कात्सुको आत्यांनी मांडीवर थाप मारली. त्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, निइगाताला राहणाऱ्या. कंपनीच्या कागदावर संचालक म्हणून त्यांचं नाव होतं, महिन्याला मानधन घ्यायच्या आणि वर्षातून दोनदा दुकानात पाऊल टाकायच्या. "बघा जावईबापू, याला म्हणतात माणसं जोडणं. तुमच्या त्या पत्राने हे झालं असतं?"

पत्र कियोताकाने लिहिलं होतं. अकरा ओळींचं, आकडा पहिल्याच ओळीत. त्यावर सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. पत्र? इतागाकी बाईंना? भाव वाढवायचा तर माणसाने स्वतः गेलं पाहिजे, मिठाईचा डबा नेला पाहिजे, मान खाली घालून माफी मागितली पाहिजे. चिनात्सुने बापाची बाजू घेतली. सासूबाई काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात त्यांना चहा आणायला सांगितलं गेलं. दोघांपुढे एकट्याचं काय चालणार? डबा घेऊन सासरे गेले.

"बाबा, शंभर पाकिटं कोणत्या भावाने?"

"म्हणजे?"

"दोनशे साठने की एकशे ऐंशीने?"

शिगेनोबुंनी बायकोपुढे कप सरकवला. "अगं, चहा घाल जरा."

तोशिएंनी चहा ओतला. त्यांच्या दोन्ही मनगटांवर भट्टीच्या जुन्या डागांच्या रेघा होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग जावयाकडे, आणि किटली जागेवर ठेवली.

"बाबा," कियोताकाचा आवाज चढला, "तुम्ही भाव सांगितला का?"

"रडणाऱ्या बाईला भाव सांगतात होय रे?"

"त्या रडायच्या आधी?"

"आधी माफी मागत होतो ना!"

कियोताकाने डोळे मिटले. पतपेढीत असता तर त्याने समोरच्याला पाण्याचा पेला दिला असता आणि शांतपणे विचारलं असतं. इथे पेला त्यालाच हवा होता. "नक्की काय काय बोललात? शब्दन् शब्द सांगा."

"डबा पुढे ठेवला. वाकलो. म्हटलं, मालकीणबाई, इतकी वर्षं तुम्ही सांभाळून घेतलंत, आज मोठ्या जड मनाने आलोय. तांदळाचं काय झालंय ते तुम्ही जाणताच. माझंही वय झालं. पूर्वीसारखं चालवणं आता जमेनासं झालंय, माफी असावी. असं म्हणून परत वाकलो. वर बघतो तर बाई रडतायत. आता याच्यावर आणखी काय बोलू? त्यांना कळलंच की सगळं. समजूतदार माणसांना आकडे सांगावे लागत नाहीत."

"आकडे सांगावेच लागतात! समजूतदार माणसांना तर आधी सांगावे लागतात! वीस दिवस मी एकच गोष्ट घोकून घेतली तुमच्याकडून. दोनशे साठ. दोन, सहा, शून्य. एवढं एक बोलायला गेला होतात, आणि तेवढंच सोडून बाकी सगळं बोलून आलात! वर शंभर पाकिटं! म्हणजे आणखी शंभर वेळा चोवीस येन खिशातून! मिठाईच्या डब्याचे तीन हजार वेगळेच!"

"कियोताका," चिनात्सु हळूच म्हणाली, "आजीच्या फोटोसमोर ओरडू नकोस."

"आजींनाही कळू दे!"

"ओरडतोय कोणावर?" कात्सुको आत्या गुडघ्यांवर उठून बसल्या. "शिगे चाळीस वर्षं भट्टीपुढे बसलाय. तुम्ही खुर्चीत बसून दुसऱ्यांची नाणी मोजलीत. घरजावयाने घर सांभाळायचं असतं, सासऱ्याची उलटतपासणी नाही घ्यायची."

"आत्या, हे घर मी सांभाळतोय म्हणूनच विचारतोय. आणि विषय निघालाच आहे तर, तुमचं मानधनही या एप्रिलपासून..."

"हं! आलं बाहेर! माझ्यावर डोळा आहे म्हणा ना!"

"डोळा नाही, आत्या. दुकानात काम न करणाऱ्याला दुकानाने पगार..."

"चिनात्सु, ऐकतेस ना नवऱ्याचं? सख्ख्या आत्याला फुकटखाऊ म्हणतोय!"

चिनात्सु आत्याकडे वळली, आणि तिचं तोंड बघून कियोताकाला वाटलं, आता हीही तुटून पडणार. पण ती म्हणाली, "त्याने शब्द वापरला नाही तो. पण आत्या, मागच्या हिवाळ्यात आईने नवा कोट घेतला नाही. दोन महिन्यांचा माझा पगारही मी घेतला नाही. तुझं मानधन मात्र दर पंचवीस तारखेला गेलं. बाबांनी पाठवलं."

शिगेनोबु डब्यातल्या लोणच्याशी चाळा करत बसले. "ताईला कसं सांगायचं?" ते पुटपुटले. "वाईट वाटलं असतं तिला."

कियोताकाला हसावं की रडावं कळेना. या माणसाला ना बहिणीला नाही म्हणता येत होतं, ना गिऱ्हाइकाला हो म्हणायला लावता येत होतं. कोणाला वाईट वाटू नये म्हणून यांनी घरातल्या सगळ्यांना वाईट दिवस दाखवले होते, आणि यांच्या मनात तसं काही नव्हतंच, हे तर जास्तच डोक्यात जाणारं होतं. लबाड माणसाशी भांडता तरी येतं.

"अहो," तोशिए म्हणाल्या, "मला वाटतं..."

तेवढ्यात बाहेर दार सरकल्याचा आवाज आला. "आत येऊ का?" म्हणून बाईमाणसाचा आवाज आला, आणि शिगेनोबु ताडकन उठले. इतागाकी बाई होत्या.

क्षणभरात सगळ्यांचे चेहरे बदलले. आत्यांनी डब्यांची झाकणं लावली, चिनात्सुने गादी मांडली, कियोताकाने कोटाची बटणं लावली. आत्ता एकमेकांचे गळे धरू पाहणारी माणसं ओळीने बसून वाकली. इतागाकी बाई काळ्या किमोनोत होत्या, मागे कोणी नाही, एकट्याच. त्यांनी आधी देवघरापुढे बसून उदबत्ती लावली, घंटी वाजवली, बराच वेळ हात जोडून राहिल्या. मग त्या वळल्या. डोळे पुन्हा ओले होते.

"मोठ्या आजींच्या श्राद्धाला आलेच पाहिजे असं वाटलं," त्या म्हणाल्या. "त्यांनीच आमच्या हॉटेलात पहिल्यांदा पाटी भरून आणली होती. चौऱ्याण्णव वर्षांचं दुकान. काल होशिनासाहेब आले आणि मला रात्रभर झोप नाही. पण तुमचं बरोबर आहे. शरीर चालत नसेल तर माणसाने वेळेवर थांबावं. आमच्या सगळ्यांतर्फे ही थोडीशी भेट, इतक्या वर्षांच्या कष्टांबद्दल." त्यांनी रेशमी रुमालातून एक जाड पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे ठेवलं. "एप्रिलची काळजी करू नका. तुम्हाला अपराधी वाटू नये म्हणून कालच शिबाता गावच्या सेंबे-कारखान्याशी बोलून घेतलं. शेवटची शंभर पाकिटं मात्र तुमच्याच हातची हवीत. जुन्या पाहुण्यांना आठवण म्हणून देणार आहे."

कियोताकाच्या डोक्यात सासऱ्यांचं कालचं भाषण शब्दन् शब्द पुन्हा वाजलं. जड मनाने आलोय. वय झालं. पूर्वीसारखं चालवणं जमेनासं झालंय. माफी असावी. भाव वाढवायला गेलेला माणूस दुकान बंद करून आला होता.

आणि तो माणूस आता काय करत होता? शिगेनोबुंचा चेहरा पांढराफटक पडला होता, म्हणजे त्यांना कळलं होतं. तरीही त्यांचे हात चटईवर टेकले, मान खाली गेली, आणि ते म्हणू लागले, "मालकीणबाई, इतक्या वर्षांची आपली कृपा, आम्ही जन्मभर..."

पाहुण्या बाईंची चूक चारचौघांत उघडी पडू नये म्हणून हा गृहस्थ खरोखरच दुकान बंद करायला निघाला होता.

"शिगे!" कात्सुको आत्यांचा आवाज छपराला लागला. "दुकान बंद करतोयस? आणि मला पत्ता नाही? मी संचालक आहे!"

"बंद नाही!" कियोताका म्हणाला. त्याला माफीने सुरुवात करायची होती, तोंडही तसंच उघडलं होतं, जन्मभराची सवय. पण माफी आली नाही, खरं तेवढं आलं. "मालकीणबाई, दुकान बंद होत नाही. काल बाबा भाव वाढवायचं सांगायला आले होते."

इतागाकी बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग अजूनही वाकलेल्या शिगेनोबुंकडे. त्यांच्या गालावरून ओघळलेलं पाणी तिथेच थांबल्यासारखं झालं.

"भाव?"

"हो."

"होशिनासाहेब, तुम्ही भावाचं बोलायला आला होतात?"

"त्याबद्दल क्षमा..." खालून आवाज आला.

"अहो, मग बोलला का नाहीत?" बाईंचा आवाज चिरका झाला. हॉटेलच्या दारात पन्नास पाहुण्यांची गर्दी झाली तरी त्या अशा बोलल्या नसतील. "मी रडले! हॉटेलातल्या कामाच्या सगळ्या मुलींना बोलावून सांगितलं, त्याही रडल्या! खोल्याखोल्यांत ठेवायला निरोपाची चिठ्ठी छापायला दिली! कारखान्याला वर्षाचा शब्द दिला मी, वर्षाचा! आता काय तोंडाने फिरवू?"

"तुम्ही तरी विचारायचं होतं," चिनात्सु पटकन बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"कसं विचारणार? माणूस इतका खाली वाकलाय, त्याला विचारायचं, नक्की कशासाठी वाकलात म्हणून? बरं दिसतं का ते?"

कियोताकाला वाटलं, ही बाईही आपल्याच घरातली शोभेल. तिने पाकीट परत घ्यावं की नाही, आपण ते परत द्यावं की नाही, हाही आता अर्ध्या तासाचा प्रश्न होऊन बसला असता. त्याने पाकीट उचललं आणि दोन्ही हातांनी बाईंच्या रुमालावर ठेवलं.

"वर्षाचा शब्द दिलाय तो मोडू नका," तो म्हणाला. "चूक आमची आहे."

बाईंनी मान हलवली. त्या दमल्यासारख्या दिसत होत्या. रुमाल बांधता बांधता त्या थांबल्या. "ती शंभर पाकिटं मला तरीही हवीत. पाहुण्यांना काहीतरी सांगावं लागेल ते मी बघते. त्यांचे किती द्यायचे?"

कियोताकाने दात आवळले. आकडा त्याच्या जिभेवर होता. पण चिनात्सुने त्याच्या बाहीला धरलं होतं, आणि ती बापाकडे बघत होती. सगळेच त्यांच्याकडे बघत होते. शिगेनोबु सावकाश सरळ झाले. कपाळावर चटईच्या काड्यांचे वळ उमटले होते.

"दोनशे..." ते म्हणाले. घसा खाकरला. "दोनशे साठ."

"बरं," इतागाकी बाई म्हणाल्या.

त्यांनी गाठ मारली, उठल्या, दाराशी जाऊन चपला घातल्या. वळून वाकल्या. टोचून बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, उलट धीर द्यावा म्हणूनच म्हणाल्या असतील: "स्वस्तच म्हणायचं. शिबाताचे दोनशे नव्वद घेतात."

दार लागलं. मोटार निघून गेल्याचा आवाज आला.

"बरं म्हणाल्या," शिगेनोबु शेवटी म्हणाले. दारावरची नजर त्यांनी हलवली नव्हती. "नुसतं, बरं. कियोताका, असं असतं का रे हे? एवढंच?"

"बहुतेक वेळा एवढंच असतं, बाबा."

"वाईट नाही वाटलं त्यांना?"

"भावाचं? नाही."

म्हातारा रडेल असं कियोताकाला वाटलं, तरी त्याचा राग जाईना. एकोणीस वर्षं हा माणूस ज्या एका आकड्याला घाबरत होता त्याचं उत्तर 'बरं' या दोन अक्षरांत संपलं होतं, आणि सर्वात मोठं गिऱ्हाईक त्याच दिवशी हातचं गेलं होतं.

"माझं मानधन थांबवा," कात्सुको आत्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "कुणी माझी कीव करायला नको. आणि शिगे, तू मूर्ख आहेस."

"हो, ताई."

"एकोणीस वर्षं," तोशिए म्हणाल्या.

त्या मोठ्याने बोलल्या नव्हत्या, पण सगळे वळले. किटली त्यांच्या हातात होती, आणि त्या कोणाचाही कप भरत नव्हत्या.

"एकोणीस वर्षं रोज पहाटे चारला मी भट्टी पेटवते. पहिल्याच वर्षी सांगितलं होतं तुम्हाला, हा भाव परवडत नाही. तुम्ही म्हणालात, चहा घाल. दहाव्या वर्षी सांगितलं, तेव्हा ताई आल्या होत्या, पुन्हा चहा. तांदूळ महागला तेव्हा सांगायला गेले तर तुमची दोघांची पत्र की डबा यावरून जुंपली होती. पाकिटामागे चोवीस जातात म्हणे. चोवीस नव्हे, एकतीस. जळलेले सेंबे तुम्ही दोघांनीही धरले नाहीत. ते मी निवडते, मला माहीत आहेत." त्यांनी किटली खाली आदळली. चहा चटईवर सांडला आणि कोणी पुसायला उठलं नाही. "मला एकदा म्हणायचं होतंत, तोशिए, तू जाऊन सांगून ये. चालत गेले असते मी!"

शिगेनोबुंचं तोंड उघडं राहिलं. चिनात्सुने आईचा हात धरला. पण कियोताकाला सगळ्यात जास्त लागलं. पतपेढीतल्या त्या चौदा वर्षांत टेबलापलीकडच्या खुर्चीत नेहमी मालक बसायचा. शेजारी, जरा मागे सरकून, त्याची बायको असायची. किती भाव, किती खर्च, किती जळतं, किती टाकून द्यावं लागतं, सगळं त्याने मालकाला विचारलं होतं. या घरातही तीन वर्षं त्याने हिशेब मांडले, भांडला, पत्रं लिहिली, आणि पहाटे चारला भट्टीपाशी बसणाऱ्या बाईला त्याने आजवर एकही प्रश्न विचारला नव्हता. चहा मात्र रोज घेतला होता.

"आई," तो म्हणाला, आणि त्यांच्याकडे वळून बसला.

"देवळापुढचं दुकान, स्टेशनवरचं दुकान, आणि ती दोन बंदराकडची," तोशिए म्हणाल्या. "सगळे जुन्याच भावात घेतात. इतागाकी बाईंचा माल आता मोकळा झालाय. उद्यापासून मी जाते. भट्टी यांनी बघावी."

"मी?" शिगेनोबु म्हणाले.

"तुम्ही. पहाटे चारला."

कियोताकाने खिशातून वही काढली. "आई, काय भाव सांगाल?"

तोशिएंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की हा माणूस चौदा वर्षं लोकांना नक्की काय शिकवत होता असा प्रश्न त्यांना पडला असावा.

"दोनशे नव्वद," त्या म्हणाल्या. "त्या बाई आत्ताच सांगून गेल्या ना?"